एक सेल पेटला तर शेजारचा वाचतो का? बोइंग ७८७ च्या बॅटरीचं प्रकरण

७ जानेवारी २०१३ ची सकाळ. बॉस्टनच्या लोगन विमानतळावर जपान एअरलाइन्सचं बोइंग ७८७ नारिताहून येऊन गेटला लागलेलं, १८३ प्रवासी आणि ११ क्रू उतरून गेलेले, साफसफाईची माणसं आत शिरलेली. साडेदहा वाजायच्या आत त्यांना केबिनच्या मागच्या भागात धूर दिसला. त्याच सुमाराला कॉकपिटमध्ये असलेल्या मेकॅनिकच्या लक्षात आलं की एपीयू, म्हणजे विमान जमिनीवर उभं असताना वीज देणारं शेपटीतलं छोटं इंजिन, आपोआप बंद पडलंय. मागच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या खणाचं दार उघडलं तर आत दाट धूर, आणि एपीयूच्या बॅटरीच्या डब्याला पुढच्या बाजूला जिथे कनेक्टर लागतो तिथे दोन छोट्या ज्वाळा. मेकॅनिकने पावडरवाला एक्स्टिंग्विशर मारला, आग विझली नाही. मग विमानतळाचं अग्निशमन दल आलं, त्यांनी हॅलोट्रॉन नावाचं आग विझवणारं रसायन मारलं, आत शिरले, बाहेर आले, परत शिरले, बॅटरी खोलून बाहेर काढायलाच खूप वेळ गेला. साधारण कंप्युटरच्या जुन्या सीपीयूपेक्षा थोड्या मोठ्या डब्यासाठी दीड तासाच्या वर झटापट चालली, एका जवानाला किरकोळ इजा झाली.

आणि हे विमान कसं, तर करकरीत नवं. कंपनीच्या ताब्यात येऊन तीन आठवडेही झाले नव्हते, एकूण उडालेले तास १६९ आणि फेऱ्या २२. म्हणजे जुनी झालेली बॅटरी, नीट न सांभाळलेली बॅटरी, लोकल चार्जर लावलेली बॅटरी, आपण आग लागली की जी नेहमीची कारणं देतो त्यातलं एकही इथे लागू होत नव्हतं.

मी स्वतः पुण्याजवळ एका छोट्या युनिटमध्ये इ-रिक्षा आणि इन्व्हर्टरचे लिथियम पॅक जोडायचं काम करतो, विमानाशी माझा काही संबंध नाही. पण लिथियम बॅटरी आगीपासून सुरक्षित कशी करायची हे मला कुणी विचारलं तर मी हेच प्रकरण सांगतो, कारण याचा तपास इतक्या खोलात झाला आणि चूक कुठे होती ते इतकं स्पष्ट कागदावर आलं की तसं दुसरीकडे क्वचितच होतं. आपल्याकडे स्कूटर जळते, व्हिडिओ फिरतो, चार दिवस चर्चा होते, आणि आत काय झालं ते कुणालाच नीट कळत नाही. इथे कळलं.

आधी बॅटरी कशी होती ते सांगतो. आठ सेल, सिरीजमध्ये जोडलेले, प्रत्येक ३.७ व्होल्ट नॉमिनल आणि ७५ अँपिअर-अवर, म्हणजे पॅक २९.६ व्होल्टचा, पूर्ण चार्ज असताना ३२ च्या आसपास. वजन २८-२९ किलो. बनवणारी जपानची जीएस युआसा, आणि अशा दोन सारख्याच बॅटऱ्या विमानात, एक पुढे मेन बॅटरी म्हणून आणि एक मागे एपीयू सुरू करायला. सेलमधली केमिस्ट्री लिथियम कोबाल्ट ऑक्साइड, आपल्या मोबाइल-लॅपटॉपमध्ये असते तीच जातकुळी. बोइंगने लिथियम का निवडलं याला कारण होतं. ७८७ मध्ये जुन्या विमानांसारखी इंजिनातून गरम दाबाची हवा काढून तिच्यावर यंत्रणा चालवण्याऐवजी बरंच काही विजेवर चालतं, त्यामुळे कमी वजनात दणकून करंट देणारी आणि पटकन चार्ज होणारी बॅटरी त्यांना पाहिजे होती. निर्णय चुकीचा होता असं मला वाटत नाही. तो घेताना जे गृहीत धरलं ते चुकीचं होतं, त्याकडे येतोच.

सेलच्या आत काय असतं, तर तांब्याच्या पातळ पत्र्यावर कार्बनचा लेप, ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर कोबाल्टवाला लेप, आणि दोघांच्या मध्ये प्लॅस्टिकचा अगदी पातळ सेपरेटर. हे सगळं सुरळीच्या वडीसारखं घट्ट गुंडाळायचं आणि डब्यात बसवून इलेक्ट्रोलाइट भरायचं. या सेलमध्ये अशा तीन गुंडाळ्या होत्या. इलेक्ट्रोलाइट म्हणजे पाणी-ॲसिड नाही, ते ऑरगॅनिक सॉल्व्हंट आहे, म्हणजे पेटणारं. आता त्या सेपरेटरला कुठे भोक पडलं, धातूचा कण घुसला, पत्र्याला सुरकुती पडून तिथे ताण आला, की आतल्या आत शॉर्ट होतो. तेवढ्या जागेत उष्णता तयार होते. साधारण ९०-१०० अंशाच्या पुढे कार्बनवरचा संरक्षक थर सुटायला लागतो आणि तो स्वतः उष्णता देतो, १३० च्या आसपास सेपरेटरचं प्लॅस्टिक वितळतं म्हणजे शॉर्ट अजून मोठा, आणि त्याच्याही वर गेलं की कोबाल्टवाला लेप तुटून ऑक्सिजन सोडतो. इंधन आत, उष्णता आत, थोडाफार ऑक्सिजनही आत. एकदा ही साखळी सुरू झाली की चार्जर काढून उपयोग नाही, स्विच बंद करून उपयोग नाही, सेल स्वतःलाच तापवत जातो. याला थर्मल रनअवे म्हणतात. पावडर मारून ज्वाळा क्षणभर दबते पण आतली क्रिया थांबत नाही, बॉस्टनला तेच झालं.

माझं गाव उसाच्या पट्ट्यातलं आहे. ऊस पेटला की जो फड पेटलाय तो वाचवायच्या मागे कुणी लागत नाही, सगळे कोयते घेऊन पुढच्या बाजूला धावतात आणि मधला पट्टा तोडून मोकळा करतात, म्हणजे आग पलीकडच्या फडात जाऊ नये. वनखातंही जंगलात जाळरेषा काढून ठेवतं, वणवा लागायच्या आधीच. बॅटरीतसुद्धा खरा प्रश्न हाच असतो, पेटलेला सेल गेलाच, त्याच्या शेजारचा वाचतो का? बॉस्टनच्या बॅटरीत पाचव्या-सहाव्या सेलच्या भागात सुरू झालेलं प्रकरण सगळ्या डब्यात पसरलं. मध्ये जाळरेषाच नव्हती.

लोक बॉस्टनच्या धक्क्यातून सावरत होते तेवढ्यात नऊ दिवसांनी, १६ जानेवारीला, जपानमध्ये ऑल निप्पॉन या विमान कंपनीच्या ७८७ ने यामागुची-उबेहून हानेदाला जायला उड्डाण केलं. विमान वर चढत असतानाच कॉकपिटमध्ये मेन बॅटरी बिघडल्याचा आणि धुराचा इशारा आला, जळका वास आला. पायलटने मार्ग बदलून सकाळी ८ वाजून ४७ मिनिटांनी ताकामात्सुला विमान उतरवलं आणि धावपट्टीच्या बाजूलाच घसरपट्ट्या सोडून १३७ जणांना खाली काढलं. काही जणांना घसरताना किरकोळ लागलं, बाकी सगळे सुखरूप. पण बॉस्टनला विमान जमिनीवर रिकामं होतं आणि इथे हवेत भरलेलं, हा फरक फार मोठा आहे, आणि मला वाटतं त्या नऊ दिवसांत विमानं उडू द्यायला नको होती.

त्याच दिवशी अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे विमानांना मान्यता देणाऱ्या सरकारी खात्याने, ७८७ जमिनीवर आणलं. संपूर्ण जातीचं प्रवासी विमान असं थांबवायची वेळ अमेरिकेत १९७९ मधल्या डीसी-१० विमानानंतर पहिल्यांदाच आली होती. जगात तेव्हा ५० ड्रीमलायनर (७८७ चंच दुसरं नाव) होती, त्यातली ६ एअर इंडियाची, आपल्या डीजीसीएनेही दुसऱ्या दिवशी ती थांबवली आणि मे महिन्यापर्यंत ती तशीच उभी राहिली.

आता तपास. पहिला संशय सगळ्यांना आला तो ओव्हरचार्जिंगचा, कुणालाही येईल, लिथियम पेटलं की आधी चार्जरकडे बोट जातं. अमेरिकेच्या अपघात तपास मंडळाने, म्हणजे एनटीएसबीने, विमानाच्या रेकॉर्डरमधला डेटा काढला. बॅटरी ३२ व्होल्टच्या वर गेलेलीच नव्हती. उलट एपीयू बंद पडायच्या काही सेकंद आधी व्होल्टेज अचानक ३२ वरून २८ वर उतरलं होतं. हे ४ व्होल्ट म्हणजे काय, तर पूर्ण चार्ज असलेला एक सेल. आठातला एक सेल त्या क्षणी खल्लास झाला होता, बाकी सात अजून धरून होते. मी हा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण जो माणूस रोज मल्टिमीटर धरतो त्याला या चार व्होल्टमध्ये सगळी गोष्ट दिसते. आग बाहेरून आलेली नाही, चार्जरने आणलेली नाही, एका सेलच्या पोटात सुरू झाली आणि मग शेजाऱ्यांना घेऊन गेली. डब्यात तापमान २६० अंश सेल्सिअसच्या वर गेल्याच्या खुणा मिळाल्या.

मग प्रश्न आला की एका सेलच्या आत शॉर्ट होऊ शकतो हे बोइंगला माहीत नव्हतं का? माहीत होतं. आणि इथे हे प्रकरण माझ्यासाठी खरं सुरू होतं.

नोव्हेंबर २००६ मध्ये, विमान अजून कागदावर असताना, बॅटरीच्या सुरुवातीच्या नमुन्यावर खिळ्याची टेस्ट झाली होती. चार्ज केलेल्या सेलमध्ये खिळा ठोकायचा, आत जबरदस्तीने शॉर्ट करायचा आणि बघायचं काय होतं. त्या टेस्टमध्ये सेलमधून धूर निघाला, आग लागली नाही, शेजारचे सेल शाबूत राहिले. यावरून निष्कर्ष निघाला की आतला शॉर्ट झालाच तर जास्तीत जास्त एक सेल वाफ सोडेल, तेवढंच. आग फक्त ओव्हरचार्ज झाल्यावर लागते असं धरलं गेलं आणि मग सगळी ताकद ओव्हरचार्ज रोखण्यात गेली, चार्जरमध्ये सुरक्षा, बॅटरीच्या मॉनिटरमध्ये सुरक्षा, एकावर एक थर. धूर निघायची शक्यता सुरक्षेच्या हिशोबात धरली ती १ कोटी उड्डाण-तासांत एकदा. प्रत्यक्षात सगळ्या ७८७ चे मिळून १ लाख तासही भरले नव्हते आणि दोन बॅटऱ्या गेल्या होत्या.

खिळ्याच्या टेस्टमध्ये खोट होती असं नाही, खिळा खरा होता, सेलही खरा होता. पण विमानात ही बॅटरी जशी बसते तशी ती टेस्टमध्ये नव्हती. विमानात बॅटरीचा धातूचा डबा अर्थिंगच्या वायरने विमानाच्या सांगाड्याला जोडलेला असतो. सेल बिघडला की फुगतो, आमच्या लाइनमध्ये कुणालाही विचारा. फुगलेल्या सेलचं धातूचं कवच डब्यातल्या आडव्या पट्टीला जाऊन टेकलं, पट्टी डब्याला, डबा अर्थिंगला, आणि त्या रस्त्याने करंट वाहायला लागला. म्हणजे रासायनिक उष्णता होतीच, वरून वेल्डिंगसारखी विजेची उष्णता सुरू झाली, आणि शेजारच्या सेलला तापवायला तेवढं पुरलं. जपानच्या वाहतूक सुरक्षा मंडळाने ताकामात्सुच्या बॅटरीच्या तपासात हे टेस्ट करून पाहिलं, अर्थिंगची वायर नसताना आग शेजारी पसरली नाही, वायर जोडल्यावर पसरली. एका वायरचा फरक!

यात मला बोइंगच्या इंजिनिअरांना मूर्ख म्हणायचं नाही. ती वायर टेस्टमध्ये का नव्हती हे समजू शकतं, बॅटरीवाला बॅटरीची टेस्ट करतो, टेबलावर ठेवून करतो, विमान त्याच्याकडे नसतं. बोइंगने विजेच्या यंत्रणेचं काम फ्रान्सच्या थॅलेसला दिलं, थॅलेसने बॅटरी जीएस युआसाकडून घेतली, चार्जर ॲरिझोनाच्या सेक्युराप्लेनचा, आणि या साखळीत प्रत्येकाने आपापला तुकडा नीट केला. पण पूर्ण जोडलेली यंत्रणा, बसवलेल्या अवस्थेत, एक सेल मुद्दाम पेटवून कुणीच पाहिली नाही. आणि सुरुवातीच्या नमुन्यावरची ती एक टेस्ट पुढची सहा वर्षं सगळ्यांसाठी पुरावा म्हणून चालत राहिली, डिझाइन पुढे सरकत गेलं तरी.

एफएएचंही तेच. लिथियम बॅटरीसाठी त्यांचे जुने नियम पुरे पडत नव्हते म्हणून २००७ मध्ये त्यांनी ७८७ साठी नऊ खास अटी घातल्या. अटी वाचल्या तर चांगल्याच वाटतात, सेलचं तापमान-दाब आटोक्यात राहिला पाहिजे, स्वतःहून वाढत जाणारा तापमानाचा प्रकार होता कामा नये, विषारी-ज्वालाग्राही वायू साचता कामा नयेत, वगैरे. पण अट पाळली हे सिद्ध करताना बोइंगचं विश्लेषण मान्य झालं, पुरावा मागितला गेला नाही. बॅटरीच्या टेस्टची एक सविस्तर पद्धत विमान उद्योगाच्या समितीने मार्च २००८ मध्ये प्रसिद्ध केली, ती ७८७ ला बंधनकारक केली गेली नाही कारण अटी आधीच ठरल्या होत्या. एनटीएसबीचा अंतिम अहवाल २०१४ च्या शेवटी आला, त्यात कारण दोन भागांत सांगितलंय. एका सेलमध्ये आतला शॉर्ट, त्यातून रनअवे आणि तो शेजारच्या सेलमध्ये पसरणं, हा पहिला. आणि दुसरा, अशा शॉर्टचे सर्वात वाईट परिणाम आवरायची सोय बोइंगने डिझाइनमध्ये केली नाही आणि एफएएला मान्यता देताना ती उणीव दिसली नाही. दुसरा भाग मी पहिल्यापेक्षा महत्त्वाचा मानतो.

शॉर्ट झाला कशामुळे? याचं एकच पक्कं उत्तर निघालं नाही, आणि ते निघणं अवघडच होतं कारण जिथे शॉर्ट झाला तीच जागा जळून वितळून गेलेली असते. एनटीएसबीला कारखान्यातल्या कामात त्रुटी सापडल्या, गुंडाळीत सुरकुत्या, बाहेरचे बारीक कण जाऊ शकतील अशा पायऱ्या, आणि तयार सेलची तपासणी असे दोष पकडायला अपुरी. जपानच्या तपासात थंडीचा मुद्दा आला, कारण घटना जानेवारीतल्या होत्या. सेल गार असताना चार्ज केला की लिथियम कार्बनच्या आत शिरण्याऐवजी वरच धातू म्हणून साचायला लागतं, हे आमच्यासारख्या छोट्या लोकांनाही माहीत असतं, शून्याच्या खाली चार्ज करू नका असं सेलच्या डेटाशीटवर लिहिलेलंच असतं. शिवाय बॅटरीच्या मॉनिटरला प्रत्येक सेलचं व्होल्टेज दिसायचं पण प्रत्येक सेलचं तापमान वेगळं मोजलं जात नव्हतं, म्हणजे एक सेल आतून तापत असेल तर ते वेळेत कळायची सोयच नव्हती.

आता बघा, कारण पक्कं सापडलेलं नाही आणि ५० विमानं उभी आहेत, अशा वेळी काय करायचं? बोइंगने संभाव्य कारणांची मोठी यादी केली, ८० च्या वर, आणि मग तीन थरांत काम केलं. मार्च २०१३ मध्ये एफएएने आराखडा मान्य केला, १९ एप्रिलला डिझाइन मान्य झालं, २७ एप्रिलला इथियोपियन एअरलाइन्सचं ७८७ अदिस अबाबाहून नैरोबीला प्रवासी घेऊन गेलंही.

पहिला थर, सेल बिघडूच नये. कारखान्यात तपासण्या वाढवल्या, चार्जिंगची वरची मर्यादा खाली आणली, डिस्चार्जची खालची मर्यादा वर घेतली, चार्जरचं काम जरा हळुवार केलं. म्हणजे सेलला दोन्ही टोकांना ताण कमी. थोडी क्षमता गेली, जाऊ दे. (आमच्याकडे गिऱ्हाईक रेंजसाठी भांडतं तेव्हा मी हेच सांगतो, वरचे पाच-सात टक्के सोडून द्या, सेल दुप्पट समाधानाने जगतो.)

दुसरा थर, एक बिघडला तरी शेजाऱ्याला लागू नये. प्रत्येक सेलला विजेपासून वेगळं करणारं आवरण गुंडाळलं, सेलच्या मध्ये, खाली-वर उष्णता आणि वीज दोन्ही अडवणारे कडक तक्ते घातले, वायरींना जास्त उष्णता सोसणारी आवरणं, सेलच्या जोडण्यांना लॉकिंग नट, डब्याला पाणी निथळायला आणि वाफ जायला भोकं. फुगलेला सेल पट्टीला टेकून करंट वाहण्याचा जो रस्ता होता तो इथे बंद झाला. हीच ती जाळरेषा. यात भारी टेक्नॉलॉजी काही नाही, तक्ते आणि टेप आहेत, ते २००६ मध्येही घालता आले असते.

तिसरा थर, सगळंच फसलं तरी विमानाला काही होऊ नये. अख्खी बॅटरी साधारण ३ मिलिमीटर जाड स्टेनलेस स्टीलच्या बंद पेटीत ठेवली आणि पेटीतून टायटॅनियमची नळी थेट विमानाच्या बाहेर काढली. आत सेलने वायू सोडले तर ते नळीतून बाहेर जातात, पेटीत ताजी हवा येत नाही, त्यामुळे ज्वाळा टिकत नाही, आणि केबिनमध्ये धूर यायचा रस्ताच राहत नाही. सेल सोडत असलेल्या वायूत हायड्रोजन असतो, कार्बन मोनॉक्साइड असतो, नाकाडोळ्यांना जाळणारा हायड्रोजन फ्लोराइड असतो, म्हणून धूर कुठे जातो हा प्रश्न ज्वाळेइतकाच मोठा आहे. बॉस्टनला धूर खणातच साचून राहिला कारण एपीयू बंद पडल्यावर तो बाहेर ओढणाऱ्या यंत्रणेला वीजच उरली नव्हती. म्हणजे बॅटरीने धूर केला आणि त्याच बिघाडाने धूर काढायची सोय बंद पाडली! नवी नळी विजेवर अवलंबून नाही.

ही पेटी जड आहे, लिथियम घेऊन जे वजन वाचवलं होतं ते बहुतेक तिच्यातच परत गेलं. तेव्हा बऱ्याच लोकांनी टीका केली की कारण न शोधताच डबा घातला, ही मलमपट्टी आहे. त्याच फेब्रुवारीत एअरबसने आपल्या ए३५० साठी जुन्या निकेल-कॅडमियमवर परत जायचं ठरवलं (पुढे ते लिथियमवर आले). मला ती टीका पटत नाही, आणि हे मी विचार करून लिहितोय. कारण सापडलं असतं तरी ते त्या एका सेलचं कारण असतं. उद्या दुसरा सेल दुसऱ्या कारणाने जाईल, कारखान्यात लाखो सेल बनतात आणि त्यातला एखादा आत कण घेऊन बाहेर पडणारच. सेल पेटणारच नाही असं गृहीत धरून बांधलेली बॅटरी आणि सेल पेटणार आहे असं धरून बांधलेली बॅटरी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि बोइंग पहिलीकडून दुसरीकडे गेलं ते ताकामात्सुनंतर, १३७ माणसं घसरपट्टीवरून उतरल्यावर.

आमच्या युनिटमध्येही एकदा चार्जिंगच्या बाकावर पॅक पेटला होता. रात्रीची वेळ, नशिबाने कुणी जवळ नव्हतं, एक रॅक आणि भिंतीचा रंग जळाला. सेल सप्लायरने पाठवलेला बॅच-रिपोर्ट एकदम व्यवस्थित होता. पण आम्ही सेल एकमेकांना खेटून डबल टेपने चिकटवले होते, मध्ये काहीच नव्हतं, कारण तसं केलं की डबा लहान होतो आणि गिऱ्हाइकाला डबा लहान पाहिजे असतो. एका सेलने सुरुवात केली आणि सगळे गेले. सकाळी तो काळा ठोकळा हातात घेऊन मी बराच वेळ बसलो होतो. त्यानंतर आम्ही सेलमध्ये अंतर ठेवतो, मध्ये अभ्रकाचा पत्रा घालतो, जिथे चालेल तिथे लिथियम आयर्न फॉस्फेट वापरतो कारण ते तापलं तरी कोबाल्टवाल्यासारखा ऑक्सिजन सोडत नाही, आणि पॅकच्या डब्याला प्रेशर सुटायला व्हेंट ठेवतो जो बसणाऱ्या माणसाकडे तोंड करून नसतो. फॉस्फेट आहे म्हणजे काहीच होणार नाही असं मात्र नाही, तेही वायू सोडतं आणि ते वायू पेटतात.

मार्च २०२२ मध्ये पुण्यात लोहगावला रस्त्याच्या कडेला उभी इलेक्ट्रिक स्कूटर पेटल्याचा व्हिडिओ सगळ्यांनी बघितला असेल. त्या वर्षी देशात अशा बऱ्याच घटना झाल्या, आणि मग एआयएस-१५६ हे दुचाकीच्या बॅटरीचं स्टँडर्ड कडक झालं, १ डिसेंबर २०२२ आणि ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत. सेलमधलं अंतर, प्रेशर सुटायची सोय, तापमानाचे सेन्सर, आणि एक सेल गेला तर आग पुढे पसरते का ही टेस्ट त्यात आली. यादी वाचताना मला ७८७ च्या दुरुस्तीची यादी आठवत होती, जवळपास एकेक ओळ जुळते. विमानवाल्यांनीही आपली टेस्टची पद्धत २०१७ मध्ये नव्याने लिहिली, तिच्यात रनअवे मुद्दाम घडवून डबा तो आत ठेवतो का ते बघायचं असतं. पण ही स्टँडर्ड नव्या मॉडेलना लागतात. गल्लीत जुना पॅक उघडून नवे-जुने सेल मिसळून परत बंद करून देणाऱ्याला कुठलीच टेस्ट लागत नाही, आणि मला रात्री जी काळजी वाटते ती त्या पॅकांची, कारण ते घरात, पलंगाशेजारी, जिन्याखाली चार्जिंगला लावलेले असतात. तुमच्याकडे असा पॅक असेल तर कृपा करून तो बाहेर जायच्या वाटेत चार्ज करू नका, आणि फुगलेला दिसला की त्याच दिवशी वापर थांबवा.

१४ जानेवारी २०१४ ला, पहिल्या घटनेला एक वर्ष आणि एक आठवडा झाल्यावर, नारिताला जपान एअरलाइन्सचं दुसरं ७८७ उड्डाणाच्या तयारीत उभं होतं. कॉकपिटमध्ये काम करणाऱ्या माणसांना काचेबाहेर पांढरा धूर दिसला, आणि बॅटरी व चार्जर बिघडल्याचे इशारे लागले. प्रवासी अजून चढायचे होते. मेन बॅटरीची पेटी उघडून बघितलं तर आठातल्या एका सेलचा व्हेंट फुटून आतला द्रव बाहेर आला होता. पुन्हा जानेवारी, पुन्हा एकच सेल. धूर नळीतून बाहेर गेला होता, म्हणूनच तो काचेबाहेर दिसला. आग नव्हती. त्याच्या शेजारचे सातही सेल जागेवर होते.